बिनवासाचं

दिवाळीचं उटणं संपलं की आठवडाभरात माझे गाल उलायला लागतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यात मधे सह्याद्री. समुद्राचा दमटपणा बहुधा घाटाखालीच थबकतो. बाकीचे पुणेकर या हवेचं कौतुक करत पहाटे पर्वती चढतात. मी मात्र नुसता हसलो तरी चेहरा ओढतो. पुण्यात त्यावाचून फारसं अडत नाही, ही गोष्ट वेगळी.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी केमिस्टकडे जाऊन "चेहऱ्याला लावायचं क्रीम द्या" म्हणायला धीर लागतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या सोसायटीतले काका मागे उभे होते, म्हणून "मिसेससाठी हवंय" असं सांगून मोकळा झालो. त्याने खास मिसेससाठीचं दिलं. डबी उघडताच घरभर गुलाब. संध्याकाळपर्यंत दोन्ही गाल गाजरासारखे लाल आणि आग आग.

मग घरोघरचे वैद्य सरसावले. शेजारीण म्हणाली, साय. ऑफिसातला मित्र म्हणाला, सायीत लिंबू पिळ. उललेल्या कातडीवर लिंबू पिळा म्हणणाऱ्याला मी अजून मित्रच म्हणतो, हा माझा मोठेपणा. रत्नागिरीच्या आत्याने कोकमाचं तेल पाठवलं. तेल कसलं, पांढरट घट्ट गोळा. बिया कुटून, उकळून निघालेलं तेल थिजायला लागलं की मुठीत दाबून वळतात, म्हणून ते मुठेल. वर आत्याचा फोन, "अरे, आम्ही जन्मभर हेच लावलं, कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही." आत्याचं तोंड खरोखरच तुकतुकीत आहे, त्यामुळे वाद घालता येईना. पण ती राहते दमट कोकणात आणि लावते टाचांना, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

बायकोने शतधौत घृताचा शोध लावला. साजूक तूप तांब्याच्या ताटात घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. तूप हळूहळू पांढरं आणि लोण्याहून मऊ होत जातं. बघत राहावं इतकं सुंदर. सदतिसाव्या वेळी गॅसवाला आला आणि माझा आकडा चुकला. ते सदतीसधौत घृत लावून झोपलो, तर रात्री खालच्या मजल्यावरची मांजर खिडकीतून येऊन उशाशी बसली.

शेवटी टिळक रोडवरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वाटलं, काहीतरी जालीम लिहून देतील. त्यांनी विचारलं, "अंघोळीचं पाणी कसं असतं?"

"चांगलं कढत."

"आणि तोंडाला साबण?"

"दोनदा. स्वच्छ वाटतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, नऊ-दहा, त्वचेचा पाचच्या आसपास. त्वचेच्या वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड ही स्निग्ध द्रव्यं म्हणजे मधला चुना. गरम पाणी आणि साबण तो चुनाच धुऊन नेतात. फटींतून आतलं पाणी उडतं, बाहेरचं काहीही आत शिरून झोंबतं. माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलंय, मला लगेच समजलं. विटा शाबूत, दर्जा, म्हणजे विटांमधले चुन्याचे सांधे, निघालेल्या. दर्जा भरायच्या सोडून मी भिंतीला गुलाबी रंग देत होतो.

त्यांनी बरंच बंद करायला सांगितलं आणि अगदी थोडं चालू ठेवायला. कोमट पाणी. तोंड टिपायचं, घासायचं नाही. ओलसर आहे तोवरच क्रीम. "ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, व्हॅसलीनसारखं काही वरून झाकण घालतं. नुसतं झाकण घातलंत तर आत कोंडायला पाणी तर हवं!" नवं काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघायचं. आणि वास नको. 'अनसेंटेड'वर विसंबू नका, त्यात कधीकधी मूळ वास लपवण्यापुरता सुगंध असतो, 'फ्रॅग्रन्स-फ्री' बघा.

दुसऱ्या दिवशी वाचायचा चष्मा लावून काउंटरवर उभा राहिलो. डब्यावरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, हे कळल्यापासून मी फार अवघड गिऱ्हाईक झालोय. पुढे मोठ्या अक्षरात कोरफड, बदाम, केशर आणि मागे ही मंडळी पार शेवटी, सुगंधाच्याही खाली. सहा-सात डबे परत केल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"ज्यात काही नाही असं."

त्याने खालच्या फळीवरून एक पांढरी ट्यूब काढली. ना फुलाचं चित्र, ना बाईचं. ग्लिसरीन दुसऱ्याच नंबरावर. वास घेतला, काही नाही. यावेळी काका मागे नव्हते. असते तरी माझ्यासाठीच मागितलं असतं, असं वाटतं.

संक्रांतीला आत्या आली. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तिने माझा गाल चिमटीत धरला, उजेडाकडे वळवला आणि समाधानाने म्हणाली, "बघ, मुठेल लागू पडलं की नाही?"

"हो ना," मी म्हटलं. बायको स्वयंपाकघरात गेली.