जुन्या फॉन्टमधली यादी युनिकोडमध्ये आणताना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्याची मालाची यादी मी नुकतीच वेबसाइटवर चढवली. यादी वर्षानुवर्षं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप होत आलेली. छापून सुबक दिसायची, पण कॉपी करून दुसरीकडे टाकली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. कारण त्या फाइलमध्ये मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते.

मालकांना, म्हणजे अण्णांना, हे सांगितलं. जकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, आयुष्य गेलेला माणूस. लगेच म्हणाले, "म्हणजे नक्षी कार्डात नाहीच, वरून रंगवलीय!" अगदी तेच. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची जागतिक संकेतप्रणाली; तिच्यात अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्याचा आकार फॉन्ट ठरवतो.

जुन्या फॉन्टमधल्या कोणत्या आकाराला युनिकोडचं कोणतं अक्षर, याचा तक्ता केला आणि ती अदलाबदल करणारी छोटी स्क्रिप्ट पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली. जास्त तुकड्यांच्या जोड्या आधी बदलायच्या. जुन्या फॉन्टमध्ये 'आ' हा अ आणि काना असा दोन तुकड्यांत असतो. ते सुटे बदलले, तर शोधणाऱ्याला 'आ' सापडतच नाही.

मग क्रम. 'प्रिंटेड'मधली वेलांटी जुन्या फाइलमध्ये 'प्र'च्या आधी असते. युनिकोडमध्ये ती पूर्ण जोडाक्षरानंतर येते. 'गर्द निळा'मधला रफार उलट: जुन्या फाइलमध्ये 'द'च्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. दोन्हींसाठी वेगळे नियम लिहिले.

'पांढऱ्या किनारीचा' मात्र मी डोळ्यांत तेल घालून जपला. तिथे साधा र देऊन चालत नाही, 'पांढर्या' होतं. ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. छापलेल्या पाट्यांवरसुद्धा 'दुसर्या' दिसतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या भाषेसाठी सोय असून ती वापरली जात नाही.

अण्णांच्या मुलीनं छापील यादी शेजारी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली. शेवटी पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, तेव्हा पानावरच्या त्याच युनिकोड फॉन्टमधून मराठी वळणाचे ल आणि श आले.

आता चादरींची यादी घेतलीय. तिचा फॉन्ट वेगळा, म्हणून तक्ता नवा. स्क्रिप्टमधले क्रमाचे नियम तसेच ठेवलेत.