साताऱ्यात सखाराम

शाहू कला मंदिरात 'सखाराम बाइंडर' लागलंय आणि सयाजी शिंदे सखाराम करतायत म्हटल्यावर लगेच तिकिटं काढली. सोबत सासूबाई. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरात ठेवणाऱ्या सखाराम या बुकबाइंडरचं, तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ साली आलं तेव्हा त्या कॉलेजात होत्या. सेन्सॉरने बंदी घातली, दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी हायकोर्टात लढून ती उठवली. आईंच्या माहेरी मात्र त्या नाटकाचं नाव काढायचीही सोय नव्हती.

सयाजी रंगमंचावर आले आणि टाळ्या, शिट्ट्या. वेळेकामथीचा माणूस, साताऱ्यात हे होणारच. पण शिव्यांना हशा, बाईला घरात ठेवण्याच्या त्याच्या नियमांनाही हशा! मी धास्तावले. लोक फक्त सयाजींना बघून घरी जाणार की काय?

मग तो प्रसंग आला. सखारामने घरात आणलेली लक्ष्मी एकटी असली की मुंगळ्याशी बोलते, खुदकन हसते. रात्री अंधारात सखाराम तिला दरडावतो, तसंच हसून दाखव म्हणून. ती विव्हळत हसते. तिथे प्रेक्षागृहातलं हसू तुटलं ते तुटलंच. पुढच्या रांगेत इतका वेळ शिट्ट्या मारणारा पोरगा ताठ बसला. मोठ्या नटाने हे नाटक करण्याचं मोल मला इथे कळलं. प्रेक्षक त्याच्यावर माया घेऊन आत येतो, म्हणून त्याच्या हातातला पट्टा जास्त लागतो. सयाजींनी त्या मायेचा आधार घेतला नाही. मृदंगावर हात पडतो तेव्हा हा माणूस किती वेगळा दिसतो, पण तेवढ्यावर त्यांनी सखारामला सोडवलेलं नाही.

नाटक सुटल्यावर राजवाड्यापर्यंत चालत आलो. शेवटी लक्ष्मी घरातल्या दुसऱ्या बाईची, चंपाची, चहाडी करते आणि सखाराम चंपाचा जीव घेतो. तरी आई सखारामबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मला त्या लक्ष्मीचीच भीती वाटली गं. देवदेव करणारी बाई, आणि चंपाला पुरायला तीच पुढे!"

मी म्हटलं, "आई, नवऱ्याने टाकलेली, भाच्याने चोरीचा आळ घेऊन हाकललेली. डोक्यावरचं छप्पर गेलं तर जाणार कुठे ती?"

"छपरासाठी मीही पुष्कळ सोसलंय. म्हणून दुसऱ्या बाईची चहाडी नाही केली कुणाजवळ."

मला अजूनही लक्ष्मीचा राग येत नाही. आईंना येतो. आमचा वाद चालूच आहे, आणि पुण्यात प्रयोग लागला की जाऊबाईंनाही घेऊन पुन्हा जायचं ठरलंय.