तिसऱ्या मजल्यावरचं इन्स्पेक्शन

आमचा धंदाच नावं ठेवण्याचा. भोसरीतल्या कंपनीत मी कास्टिंगचं, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या भागांचं, इन्स्पेक्शन करतो. महिन्यातून एकदा कोल्हापूरला जायचं आणि शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत माल गाडीत चढण्याआधी तपासायचा. कुठे ब्लोहोल, कुठे श्रिंकेज, कुठे वाळू अडकलेली, कुठे कोअर सरकलेला. हातात खडू, खोट दिसली की गोल. अठरा वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरलीय की लग्नाच्या पंगतीतही मी ताटाची कड बोटानं चाचपतो. बायको डोळे वटारते, मग सोडतो.

या नोव्हेंबरात नेहमीचं हॉटेल मिळालं नाही. अंबाबाईचा किरणोत्सव होता. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात, आधी देवीच्या पायांवर, मग वर सरकत मुखापर्यंत. त्या दिवसांत किरणं नेमकी शिरतात. उशिरा बुकिंग करणारा माणूस मात्र कुठेच शिरू शकत नाही. ऑफिसातल्या पोरानं मोबाइलवर शोधून शाहूपुरीतलं एक जुनं हॉटेल बुक केलं. फोटोत झकास होतं. कास्टिंगवर हीट नंबर असतो, माल कधी ओतला ते त्यावरून काढता येतं. फोटोवर तसलं काही नसतं.

आत शिरताच लाल रेक्झिनचे सोफे, त्यांना चिकटपट्टीची ठिगळं. माशांच्या टाकीत मासे नव्हते, मॅनेजरची छत्री होती. काउंटरमागे अंबाबाई आणि शाहू महाराज शेजारी शेजारी, दोघांनाही झेंडूचे ताजे हार. त्या अख्ख्या इमारतीत त्या दिवसाचं असं तेवढंच काही होतं. महाराजांकडे बघून जरा ओशाळल्यासारखं झालं. याच गावात गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या मदतीनं ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला स्वतः छत्रपती तिथं जाऊन बसायचे. हॉटेल या शब्दाला इथं एवढं वजन आहे, आणि आपण सोफ्याचं रेक्झिन मोजतोय.

तरी मोजलंच.

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत बॅग घेऊन पन्नाशीतले एक मामा पुढे चालले होते. आमच्यात ‘व्हाय-व्हाय’ म्हणून एक प्रकार असतो. दोष सापडला की पाच वेळा ‘का’ विचारत मुळाशी जायचं. जिन्यात दुसरं काम नव्हतं, म्हणून सुरू केलं.

“मामा, लिफ्ट का बंद?”

“मोटर गेली की.”

“कशानं?”

“2019 च्या पुरात पाणी शिरलं. हे बघा, हितपर्यंत आल्तं.” त्यांनी जिन्याच्या भिंतीवर हात ठेवला. रंगाखालून तपकिरी रेघ दिसत होती, माझ्या छातीएवढी.

“पण नदी तर लांब आहे.”

“नदी लांब, नाला जवळ. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाच्या वर गेलं की जयंती नाल्यातनं पाणी उलटं गावात येतंय.”

“मग दुरुस्त नाही केली?”

“केली की. 21 ला परत बुडाली.”

“आणि त्यानंतर?”

“मालक म्हणाले, ऱ्हाऊ दे आता. चालतेत की लोक.”

पाच ‘का’ संपले. मूळ कारण सापडलं, आणि माझ्या फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. सप्लायरला जाब विचारता येतो, पंचगंगेला काय विचारणार?

खोलीत मात्र मी कुणाला सोडलं नाही. पलंगाच्या उशाला सनमायकाचं एक पॅनेल होतं, एकेकाळी या हॉटेलचा अभिमान असणार. त्यावर ‘म्युझिक’, ‘रूम बॉय’, ‘डू नॉट डिस्टर्ब’ अशी बटणं. सगळी दाबली. म्युझिक वाजलं नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’नं बाथरूमचा दिवा लागला. ‘रूम बॉय’ दाबल्यावर दहा मिनिटांनी मामा आले, पण ते टॉवेल द्यायला. एसीच्या भोकावर प्लायवूड ठोकलेलं, त्यापलीकडे पारव्यांचं घूं घूं. चादरीला इस्त्री होती, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डागही होता.

गरम पाण्याचं विचारलं तर मामा म्हणाले, “सोडून ठेवा सायेब, येतंय.” सोडून ठेवलं. बादली भरली, ओतली, परत भरली. चौथ्या बादलीला पाणी कोमट झालं आणि तेवढ्यात लाइट गेली.

पण तो नळ! क्रोमियमचा मुलामा उडून खाली अस्सल पितळ दिसत होतं, हातात घेतलं तर जड. चावी फिरवली की शेवटी दगडासारखी घट्ट बसायची, एक थेंब गळत नव्हता. आता कुणी असलं ओतत नाही. घरी मी दोन वर्षांत तीन नळ बदललेत. अंधारात, अंगावर साबण, आणि मी नळाच्या बुडाशी पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, कुठे लागते का ते बोटानं शोधत होतो. लागली नाही. ज्यानं घासली, त्यानं मन लावून घासली होती.

सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात होता. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात, हे पुण्याच्या माणसाला पचायलाच दोन-तीन खेपा जातात. एकदा पचलं की मात्र पाव नको वाटतो. इथं स्लाइस ब्रेड आला, तो जॅमबरोबर. शेजारी पांढराफटक उपमा. बाकी सगळं मी पुरावर, वयावर, मालकाच्या ऐपतीवर घातलं असतं. कोल्हापुरात बिनतिखटाचा नाश्ता, याला कुठल्याच पुराचं निमित्त चालत नाही. मामांनी माझं तोंड बघितलं आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, “बाहेर जाऊन मिसळ खावा. मी बी तितंच खातोय.”

खाल्ली. कट दोनदा मागून घेतला. घाम पुसत शिरोलीला पोहोचलो आणि त्या दिवशी चौदा पीस रिजेक्ट केले. पंधराव्याला वरच्या अंगाला बारीक खड्डा होता, पण तो भाग मशीनिंगमध्ये जाणार होता. असा माल आम्ही डेव्हिएशनवर घेतो. म्हणजे खोट आहे, ती लिहून ठेवली, तरी माल घेतला.

पुण्यात आल्यावर प्रवासखर्चाचा फॉर्म भरला. ‘हॉटेल समाधानकारक होते का?’ यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन. मी दोन्ही सोडले आणि शेजारी लिहिलं, ‘डेव्हिएशनवर स्वीकारले.’

दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन. “सर, हे डेव्हिएशनचं बिल जोडलेलं नाहीये. किती रुपये झाले?”