शेपटाकडे नको, खांद्याजवळ ये

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा शाळेतून निरोप आला तेव्हा डोळ्यांपुढे वर्ग आला नाही, मैदानही आलं नाही. आला तो सुरूच्या लाकडाचा एक ओबडधोबड क्रूस. प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत तुटक्या बाकांवर तो आडवा टाकलेला असायचा. वर्षातून एकदा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्या क्रूसाच्या वाटेसाठी बाहेर निघायचा. मी १९८४ साली दहावी झालो. त्याच्या आदल्या वर्षी त्या क्रूसाने माझ्या डाव्या खांद्याचं सालपट काढलं होतं.

क्रूसाची वाट म्हणजे चौदा थांबे. पिलाताने शिक्षा सुनावली तिथपासून थडग्यात ठेवलं तिथपर्यंत. चर्चमध्ये भिंतीवरच्या चौदा चित्रांपुढे आपण गुडघे टेकत जातो. आमच्या शाळेत ती मुलं अंगणात करून दाखवत. येशू झाला होता वसईच्या पाचूबंदरचा एक कोळ्याचा मुलगा. जाळी ओढून दंड कमावलेले, आणि चित्रकलेच्या सरांच्या मते दाढी चिकटवायला चेहराही लांब होता. मला पाचव्या स्थानावरचा कुरेनेकर शिमोन दिला, कारण शिमोनाला संवाद नाहीत. माझं पाठांतर शाळेत सर्वांना ठाऊक होतं. वाडीतून केळीचे घड वाहायची सवय होती हा दुसरा गुण.

तालमीत पहिल्याच दिवशी चुकलो. काम एवढंच: रोमी शिपाई मला गर्दीतून ओढतात, मी नको नको म्हणतो, मग क्रूस उचलतो. येशूच्या उजव्या खांद्यावर क्रूस, मागे त्याचं शेपूट मातीत फरफटतंय. मी गेलो आणि शेपूट उचललं. लूकनेही ‘येशूच्या मागे’ असंच लिहिलंय, तेव्हा मी शास्त्राला धरूनच होतो. शिवाय ते सोपं होतं.

घंटेजवळच्या पायरीवर आमचे शिपाईमामा बसले होते. तरुणपणी किल्लाबंदरला होड्या वाळूवरून वर ओढून आणलेला माणूस. तंबाखू थुंकून ते उठून आले.

“पोरा, शेपूट धरलंस तर नुसतं फरफटणं थांबतं. वजन त्याच्याच खांद्यावर राहतं. वजन कुठे आहे ते बघ की! आडव्या लाकडापाशी. शेपटाकडे नको, खांद्याजवळ ये.”

मी पुढे सरकलो. आता दोघांचे खांदे एकाच लाकडाखाली आले आणि आम्ही एकमेकांच्या पायात अडकून धडपडलो. मामा म्हणाले, “पाय त्याच्या पायाशी जुळव. तुझी चाल आता तुझी नाही.”

सुताराने आडवं लाकूड दोन बोल्टांनी जोडलं होतं. त्यातल्या एकाचा नट बरोबर माझ्या गळपट्टीच्या हाडावर यायचा. शेपटाकडे असताना त्या क्रूसाला नट आहे हेसुद्धा मला कळलं नव्हतं. त्या मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तालमीत तो एकदाही बोलला नव्हता. मी बाजूला आल्यावर दात दाबून म्हणाला, “डावीकडे वाक जरा, नाहीतर लागेल.” खांद्यावर सगळं लाकूड आणि हा मला लागेल म्हणून सांगतोय!

त्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या तासाला फादर नव्हते. एरवी त्या तासाला हिंदू मुलं शेजारच्या वर्गात नीतिशिक्षणाला जायची. त्या दिवशी दोन्ही वर्ग एकत्र बसवले आणि मराठीच्या बाई आल्या. बाई दापोलीकडच्या, घरी पाच दिवसांचा गणपती. टेबलावर फादरांचं बायबल होतं, मार्कच्या पंधराव्या अध्यायात खूण घातलेली. बाईंनी उघडून वाचलं: शिमोन नावाचा कोणी कुरेनेकर, आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप, बाहेरून शहराकडे येत होता, त्याला वधस्तंभ वाहण्यासाठी वेठीस धरलं. बाई थांबल्या.

“वेठीस धरणे. वाक्प्रचार. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा.”

मागच्या बाकावरून कुणीतरी उपयोग केला, “बाईंनी ऑफ तासाला आम्हांला वेठीस धरले.” बाईही हसल्या. मग पुस्तक मिटून त्यांनी जे सांगितलं ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. त्या म्हणाल्या, “मी खोताच्या घरातली. आमच्या घराची शाकारणी कुळं करायची, आमची नांगरणी आधी, मग त्यांची. मजुरीचा प्रश्नच नाही. आजी सांगायची, कुणी नाही म्हणालं तर काय व्हायचं. तुम्ही सगळे नाटकात येशू व्हायला बघता, नाहीतर शिमोन. त्या गोष्टीत शिपाईसुद्धा आहेत. माझ्या घरचे त्या बाजूचे.” १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी खोती बंद करण्याचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडलं आणि १९४९ साली खोती कायद्याने मोडली, हेही त्यांनी तिथेच फळ्यावर लिहिलं. पुढे इतिहासाच्या पेपरात ते आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

बाईंनी वाचलेला ‘वधस्तंभ’ हा शब्दही माझ्या डोक्यात राहिला. घरी आम्ही क्रूस म्हणतो, म्हातारी माणसं खुरूस म्हणत. तो पोर्तुगिजांकडून आलेला, १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेल्यानंतरचा. क्रूस म्हटलं की आता मेणबत्तीचा वास येतो, गळ्यातली सोन्याची साखळी दिसते. वधस्तंभ म्हटलं की नाही येत. रोमी लोक ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना देत; स्वतःच्या नागरिकांना सहसा देत नसत. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर भिंतीवर खरवडलेलं एक जुनं चित्र सापडलंय. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला दुसरा माणूस आणि शेजारी वाकड्या अक्षरांत ग्रीकमध्ये: अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. क्रूसावरच्या ख्रिस्ताची जी अगदी जुनी चित्रं माहीत आहेत त्यांत हे एक, आणि ते कुण्या टवाळाने काढलेलं. दहावी ‘ब’च्या बाकांवरची कोरीव कामं ज्यांनी पाहिलीत त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

आता आजीची गोष्ट. आमच्या आळीच्या तोंडाशी पांढरा क्रूस आहे. मे महिन्यात संध्याकाळी सगळी आळी तिथे जमून रोझरी म्हणते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. (चण्यांसाठी मी कितीतरी रोझऱ्या म्हटल्या आहेत. देव माफ करील.) आळीतल्या एका बाईचा नवरा दारू पिऊन तिला मारायचा. ती क्रूसापाशी रडायची आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या सांगायच्या, “तुझा क्रूस आहे तो बाय, वाहा.” त्यांत आमची आजी पुढे. बाईंचा तो तास झाल्यावर मी आजीला विचारलं, “तिच्यावर तो ठेवला कोणी?” आजी म्हणाली, “जास्त शिकलास.”

त्याच पावसाळ्यात एका रात्री ती बाई दोन मुलांना घेऊन आमच्या दारात आली. आजीने काही न विचारता अडसर काढला. सकाळी तिचा नवरा अंगणात येऊन ओरडायला लागला तेव्हा आजी केळीची पानं कापायचा कोयता घेऊन ओटीवर बसली. पान एकही कापलं नाही. ती बाई आणि मुलं आमच्याकडे तीन महिने राहिली. आईचं आणि आजीचं त्यावरून वाजलंही, कारण तांदूळ आमचाच संपत होता. त्या तीन महिन्यांत आजीच्या तोंडून क्रूस हा शब्द मी ऐकला नाही.

मला वाटतं आपल्याकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. सासू क्रूस, मधुमेह क्रूस, नापास मुलगा क्रूस. काही गोष्टी नुसत्या दुखण्याच्या असतात, त्यांना डॉक्टर लागतो. काही वेठीच्या असतात, आणि तिथे कोणी धरलं हे विचारलंच पाहिजे; धार्मिक शब्द लावून तो प्रश्न बुजवणं मला पाप वाटतं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की जो तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा. इथेही वेठीस धरणंच, आणि मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. पहिला कोस शिपायाचा. दुसरा कोणाच्या हुकमाने चालायचा? कुणाच्याच नाही. शिमोनाचं पुढे काय झालं हे शुभवर्तमानात नाही, पण मार्क त्याच्या मुलांची नावं अशी घेतो की जणू वाचणारे त्यांना ओळखतात. म्हणजे तो कुरेनेचा, लिबियाकडचा वाटसरू क्रूस टाकून तडक घरी गेला नसावा. दुसऱ्या कोसावर तो कुठेतरी लागला असणार.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया याच वाटेने गेला. जपानात व्यापार केला, तिथली भाषा शिकला, मनिलात फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्यांत तो होता. शाळेतून त्याच्या नावाच्या गासच्या चर्चला नेत तेव्हा फादर त्याची एक हकीकत सांगत. टेकडीवर पोचल्यावर तो एका क्रूसाकडे गेला आणि विचारलं, “हा माझा का?” शिपाई म्हणाले, हा नव्हे. मग त्याला त्याचा दाखवला आणि त्याने तो कवटाळला. आम्हांला तेव्हा ते कवटाळणं मोठं वाटायचं. मला आता तो प्रश्न जास्त आवडतो. दुसरी गोष्ट फादर घाईत सांगून पुढे जात: क्योतोहून निघाले ते चोविसच होते. कैद्यांची सोय बघत, त्यांच्या सोबतीने चालणारे दोघे वाटेत धरले गेले आणि यादीत घातले गेले. वेठीचे नव्हते ते. शेपटाकडे राहिले असते तर वाचले असते.

मी पोस्टात नोकरी केली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा माझी बदली नाशिकला होती. दर महिन्याला न चुकता पैसे पाठवायचो आणि चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा सांगायचो. माझी बहीण एकटी त्यांचं करत होती. एकदा फोनवर म्हणाली, “पैसे मिळाले, दादा. रात्री कूस कोण बदलायची?” रागाने नव्हे, साध्या आवाजात. फोन ठेवला आणि मला मामांची तंबाखूची पिंक आठवली. शेपूटच होतं माझ्या हातात. फरफटणं थांबलं होतं, एवढंच.

रजा काढून चार महिने घरी आलो. वडिलांना वळवायचं तर चादरीची दोन्ही टोकं दोघांनी एकदम उचलावी लागतात. पहिल्या रात्री माझी घाई झाली आणि ते कळवळले. बहीण म्हणाली, “माझ्याबरोबर.” मग आम्ही एक, दोन म्हणायला लागलो. तिच्या कमरेला पट्टा होता, वर्षभर असावा. मला त्या रात्री दिसला. वडील गेले तेव्हा आम्ही दोघंही जागे होतो, बाकी त्याबद्दल लिहायचं नाही.

शिपाईमामा आता नाहीत. मराठीच्या बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. येशू झालेला मुलगा गेल्या मेळाव्यात भेटला. स्वतःची बोट आहे त्याची, मासळी कमी झाल्याची तक्रार आहे, दाढी आता खरी आहे आणि पांढरी. मी त्याला नटाचं विचारलं. त्याने शर्टाची कॉलर बाजूला करून उजवा खांदा दाखवला. काही दिसत नव्हतं, पण आम्ही दोघांनी बघितलं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. प्रयोगशाळेमागची ती खोली नव्या इमारतीसाठी पाडणार असं ऐकतो. क्रूस अजून तिथे असेल तर एकदा बघा, वाळवी लागली असेल. उभं लाकूड गेलं असेल तर जाऊ द्या, सुरू जळायला चांगला. आडवं मात्र शाबूत असलं तर पुढच्या उपवासकाळात वापरा, आणि तो नट तेवढा आत ठोकून घ्या. नववीच्या मुलांची हाडं कोवळी असतात.

एक माजी विद्यार्थी, दहावी १९८४