पत्रपेटीवरचं नाव

बर्लिनला येऊन सव्वा महिना झाला होता आणि सरकारदरबारी मी अजून पोचलेच नव्हते.

ऑक्टोबर २०२३. नोकरी हातात होती, नॉयकोल्न भागात पोटभाडेकरू म्हणून एक खोलीही ठरली होती. म्हटलं, गंगेत घोडं न्हालं. किल्ली देताना खोली देणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "आन्मेल्डुंग मात्र इथे करता येणार नाही हं." मी मान डोलावली. तो शब्द केवढा जड आहे, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आन्मेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. नव्या घरात राहायला आलात की दोन आठवड्यांत ती करायची, असा जर्मनीत कायदाच आहे. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. ते धड उच्चारायलाच मला आठवडा लागला. बाई तो देणार नव्हत्या, कारण खोली पोटभाड्याने द्यायला त्यांनी मूळ मालकाला विचारलंच नव्हतं. नोंदणी नाही म्हणून टॅक्स आयडी नाही, आणि तो नाही म्हणून माझ्या पहिल्या पगारातून सगळ्यात चढ्या दराने, सहाव्या करवर्गाने, कर कापला गेला. पगाराची स्लिप बघून पोटात गोळा आला. (जास्तीचे पैसे पुढे परत मिळाले. पण त्या दिवशी ते सांगायला कोणी नव्हतं.)

पुन्हा खोल्या शोधणं आलं. आता माझा पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा, सहीचा असायचा. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी वेडिंगमध्ये, यू-८ मेट्रोच्या पांकश्ट्रासे स्टेशनजवळ, दोघी राहत होत्या त्या घरातली तिसरी खोली मिळाली. अंगणापलीकडची मागची इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. सहीचा कागद मात्र सामान हलवायच्या आधी हातात आला.

मग नोंदणीसाठी वेळ मिळवायची कसरत. पत्ता शहरात कुठलाही असो, बर्लिनमधल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टात, म्हणजे नागरिक कार्यालयात, नोंदणी चालते हे कळल्यावर मी सगळं शहर निवडलं आणि पार कोपेनिकची वेळ मिळाली. जायला तासभर, काम दहा मिनिटांचं.

त्या दहा मिनिटांत माझं नाव बदललं. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी बसलेलं असतं. इथे त्या ओळीतलं सगळं माझंच. "हे दुसरं वडिलांचं आहे," असं मी मोडक्या जर्मनमध्ये सांगून पाहिलं. टेबलापलीकडच्या बाईंनी पासपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि त्या ओळीखाली पेनाचं टोक ठेवलं. वाद संपला. तेव्हापासून विमा असो की बँक, मी बाबांच्या नावासकट 'फ्राउ', म्हणजे श्रीमती, आहे. फोनवर सांगितल्यावर बाबांना इतकं हसू आलं की शेवटी आईने फोन घेतला.

यानंतर टॅक्स आयडी आपोआप घरी येतो. माझा येईना. तो फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाहीत, नोंदवलेल्या पत्त्यावर पत्रानेच पाठवतात. चौथ्या आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं, "पेटीवर नाव लावलंस ना?"

कुठल्या पेटीवर?

इथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्ता आणि इमारतीचा क्रमांक, बस. पुढे पोस्टमन पत्रपेट्यांवरची आडनावं वाचतो. नाव दिसलं नाही की पत्र आलं तसं परत. मी रोज ती पेटी उघडून बघत होते, तिच्यावर काय लिहिलंय ते मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कागदाची पट्टी कापली. माझं आडनाव रोमन लिपीत चौदा अक्षरी, पाटीची जागा बोटभर, आणि तिथे आधीच दोन नावं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, वर चिकटपट्टी लावली. शेवटचं अक्षर तरी कडेला दुमडलंच. खालच्या दरवाज्याच्या बेलवरची पाटी इमारतीच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाने, बसवून दिली, त्याचीही चार दिवस वाट पाहिली.

आयडी पुन्हा मागवला. यावेळी एकाच दिवशी दोन पत्रं आली. एकात अकरा आकडी टॅक्स आयडी. दुसऱ्यात रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची मागणी, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ही वर्गणी घरटी एकच असते आणि घरातली एक मुलगी ती भरतच होती, तिचा वर्गणीचा खाते क्रमांक कळवून सुटले.

बेलवर नाव लागल्याचा एक परिणाम मात्र कुणी सांगितला नव्हता. दिवसा घरी मी एकटीच असते, हे कुरिअरवाल्याने हेरलं आणि अख्ख्या इमारतीची पार्सलं माझ्याकडे ठेवायला लागला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा तीन जिने चढून आले. कुरिअरवाल्याची चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी माझं आडनाव तीन तुकडे करत वाचलं, आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं.

"जवळपास," मी म्हटलं आणि त्यांचा खोका आणायला आत गेले.