तुम्ही विचारलंत म्हणून: बोटं पळतात, तरी बँडमध्ये बेस कच्चा का वाटतो?

बेस गिटार शिकणारी पोरं भेटली की थोड्याफार फरकाने एकच विचारतात. वर्ष-दोन वर्षं झाली, स्केल्स येतात, बोटं बऱ्यापैकी पळतात, घरी ट्रॅक लावून वाजवलं की मस्त वाटतं, पण बँडबरोबर किंवा ऑर्केस्ट्रात उभं राहिलं की खाली सगळा गोळा होतो, मग आता कशाची प्रॅक्टिस करू? आणि बहुतेकांच्या डोक्यात उत्तर आधीच असतं, स्लॅप (तारेवर अंगठा आपटून वाजवणं) शिकू का, नवीन अ‍ॅम्प घेऊ का. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नोट सुरू कधी होते यावर सगळेच मेहनत घेतात, पण ती संपते कधी याकडे फारच कमी लोक बघतात, आणि कच्चेपणा बहुतेक वेळा तिथेच असतो.

कारण साधं आहे. बेसची मोकळी, म्हणजे न दाबलेली, ई तार 41 हर्ट्झला वाजते, तार जाड, वाजणारी लांबी 34 इंच, एकदा छेडली की बराच वेळ घुमते. गिटारवर दोन नोट एकमेकांवर गेल्या तर गोड लागतं, तेच इतक्या खाली केलं की गढूळ होतं, वर किक ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पण त्याच भागात बसलेला. म्हणजे मागची नोट थोडी जरी उरली तरी पुढची स्पष्ट ऐकूच येत नाही आणि ड्रमर कितीही चांगला असला तरी ग्रूव्ह, म्हणजे लयीची पकड, बसत नाही.

म्हणून पहिली प्रॅक्टिस एकाच नोटवर करा. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने क्लिक देणारं यंत्र) 60 ला लावा, डी तारेवरचा पाचवा फ्रेट (दांड्यावरची आडवी धातूची सळी) म्हणजे जी घ्या, क्लिकला वाजवा आणि दोन क्लिकच्या बरोब्बर मधोमध बंद करा. मग पूर्ण क्लिकभर धरा. मग दोन क्लिक. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, थांबवण्याची वेळ हलते. आता बंद कसं करायचं, तर डाव्या हाताचं बोट उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा, बोट तारेवरच ठेवायचं. पण इथे गंमत आहे, पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटपाशी एकच बोट हलकं टेकलेलं राहिलं तर तार बंद होण्याऐवजी हार्मोनिक, म्हणजे वरचा बारीक स्वर, वाजतो, टिंग करून. त्यामुळे दाब सोडताना बाकीची दोन बोटं पण तारेवर आडवी पडली पाहिजेत. आणि उजव्या हाताचा अंगठा कायम पिकअपवर टेकवून ठेवू नका, वरच्या स्वराच्या, म्हणजे बारीक तारांवर गेलात की अंगठा ई तारेवर आणा, अजून वर गेलात की ए वर, म्हणजे मागच्या तारा आपोआप गप्प राहतात. हे अंगात मुरायला काही महिने जातात, जाऊ द्या.

मेट्रोनोमचं अजून एक. गाणं मिनिटाला 80 बीटचं असेल तर तो 40 ला लावा आणि तो क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडतोय असं धरा, ड्रममधला स्नेअर वाजतो तिथे. पहिली बीट कोणी दाखवणार नाही, ती तुम्हीच धरायची. ते जमलं की 20 ला लावा, अख्ख्या बारमध्ये एकच क्लिक. सगळ्या बीट मशीन देत असेल तर आपण नुसते तिच्यामागे चालत असतो, लय आपल्यात येत नाही.

ज्यांनी लहानपणी तबला शिकलाय त्यांना मी म्हणतो की अर्धं काम झालंय तुमचं, तेच वापरा. आधी हाताने टाळी-खाली धरून बोल तोंडाने म्हणायचे आणि मगच वाजवायचं, ही पढंतची सवय बेसला इतकी लागू पडते की विचारू नका. साधा केहरवा घ्या, धा गे न ति, न क धि न. डग्गा घुमतो तो धा, गे आणि धि ला, मधल्या न ति न क मध्ये तो बंद असतो. आता धा ला रूट (कॉर्डचा मूळ स्वर) वाजवा, गे संपेपर्यंत धरा, न च्या आधी सोडा, धि ला परत या. एवढंच. दोनच नोट, पण सुटण्याची जागा पक्की ठेवली की तबलावाला मान वर करून बघतो. ढोलकीबरोबर तर हे अजूनच जपायला लागतं, कारण ढोलकीची डावी बाजू स्वतःच लांब घुमते आणि त्यावर तुमची लांब नोट आली की दोघांचंही वाया जातं.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गाण्याच्या मूळ सुराची, आणि हे खास आपल्याकडच्या मुलांसाठी, कारण व्हिडिओंमधून शिकलेले इथे हमखास अडकतात. परदेशातले बरेचसे धडे ई, ए, डी, जी या स्वरांभोवती असतात, मोकळ्या तारा मिळतात, हात आरामात चालतो. आणि आपल्या कार्यक्रमात गायिका येऊन सांगते, काळी चार, हार्मोनियमची चौथी काळी पट्टी. म्हणजे जी शार्प. किंवा काळी दोन, म्हणजे डी शार्प, जो चार तारांच्या बेसवर खाली नाहीच, ई च्या अर्धा स्वर खाली जातो, मग ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर जाऊन बसायचं. एकही मोकळी तार रूट म्हणून कामाची नाही. त्यामुळे घरी जी काही लाइन बसवाल ती मोकळी तार अजिबात न वापरता बसवा, आणि मग तीच काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी सहा अशी फिरवा. हाताला आकार कळतो, रूटच्या पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर पाचवा स्वर, अजून एक तार पुढे त्याच फ्रेटवर सप्तक, हे दांड्याच्या टोकापासून बॉडीपर्यंत कुठेही तसंच राहतं. नावं मात्र पाठ हवीत, दोन्ही पद्धतींची, कारण कीबोर्डवाला सी शार्प म्हणणार आणि गायिका काळी एक, आणि तुमच्याकडे विचार करायला काउंट-इन (गाण्याआधीची वन-टू-थ्री-फोर मोजणी) एवढाच वेळ.

कॉर्ड बदलताना काय वाजवू हा पण प्रश्न असतो. पहिल्या बीटला रूट, यावर सुरुवातीला तडजोड नको. बाकी जागेत भरण्यापेक्षा पुढच्या रूटकडे जाणारी एक नोट शोधा. ए मायनरवरून एफला जाताय, तर शेवटच्या बीटला ई वाजवा, अर्धा स्वर चढून एफवर पोहोचता. एवढ्याने ऐकणाऱ्याला पुढे काहीतरी येतंय हे कळतं.

ऐका भरपूर, पण ऐकताना आधी बेस तोंडाने म्हणा, मग वाजवा. जुन्या हिंदी रेकॉर्डिंगमध्ये टोनी वाझ यांचं काम ऐका, आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले बेस वादक, गाण्याखाली बेस कसा बोलतो हे शिकायला दुसरीकडे जायची गरज नाही. आणि अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे बेस वादक जेम्स जेमर्सन. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या 60 च्या दशकातल्या कितीतरी हिट गाण्यांवर तेच आहेत, उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट वापरायचे, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा, त्याही तुटल्याशिवाय बदलायचे नाहीत, ब्रिजपाशी फोम दाबलेला. म्हणजे नोट लवकर मरावी अशीच सगळी व्यवस्था. वेगासाठी तीन बोटांचं तंत्र शोधणाऱ्यांना मी आधी हे ऐकायला सांगतो. लाइन ऐकू येत नसेल तर स्लो करणाऱ्या अ‍ॅपमध्ये गाणं एक सप्तक वर चढवा, बेस लख्ख समोर येतो. फोनच्या स्पीकरवर मात्र बेस ऐकू नका आणि स्वतःचं रेकॉर्डिंग पण त्यावर तपासू नका, तो स्पीकर इतका छोटा की खालचा मूळ स्वर देतच नाही, फक्त वरचे स्वर येतात आणि आपल्याला वाटतं सगळं स्वच्छ आहे. हेडफोन लावा.

हात दुखत असेल तर थांबा आणि पट्टा बघा. बसून आणि उभं राहून बेस साधारण एकाच उंचीवर असला पाहिजे, डावं मनगट जास्त मोडायला नको. खालच्या पाच-सहा फ्रेटमध्ये चार बोटं चार फ्रेटवर ताणू नका, डबल बेसवाल्यांची (उभा मोठा बेस वाजवणाऱ्यांची) जुनी पद्धत घ्या, पहिलं, दुसरं आणि करंगळी, अनामिका करंगळीच्या मदतीला.

इन्स्ट्रुमेंटबद्दल फार बोलत नाही, फक्त पावसाळ्यात एकदा सेटअप करून घ्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बेसची मान, म्हणजे फ्रेटवाला दांडा, हलते. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला जोडते तिथे एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी किती फट दिसते बघा, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असेल तर ठीक. खूप जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड (मानेतली सळी) जाणकाराकडूनच फिरवून घ्या, स्वतः जोर लावू नका.

आणि पाच तारांचा घेऊ का, हे तर प्रत्येक जण शेवटी विचारतोच. काळी दोन, पांढरी दोनवाली गाणी सारखी पडत असतील आणि खालचा रूट खरंच लागत असेल तर जरूर घ्या. पण ती बी तार 31 हर्ट्झच्या आसपास असते आणि तुम्ही हात न लावताही बाकीच्या तारांबरोबर घुमायला लागते, त्यामुळे घरी आणल्या दिवसापासून अंगठा तिच्यावर ठेवायची सवय लावा, नाहीतर चार तारांवर कमावलेली सफाई पाचवीवर जाते.