दहा टक्के, पण कशावर?

भाजीपाल्याची वाहतूक करणारे तात्या तासगावच्या बाजूचे. आमच्या सांगलीच्या ऑफिसात त्यांचे रिटर्न बरीच वर्षं भरले जातात. त्या दिवशी मात्र ते मुलाला घेऊन वेगळ्याच कामासाठी आले. जुना छोटा हत्ती घ्यायचा होता, त्यासाठी तीन लाखांचं कर्ज हवं होतं. हातात दोन कागद. एक सहकारी बँकेचा, १३ टक्के, दोन जामीनदार, मंजुरीला पंधरा दिवस. दुसरा गाडीच्या दलालानं गाठून दिलेल्या फायनान्स कंपनीचा, १० टक्के, जामीनदार नको, पैसे दुसऱ्या दिवशी. मुदत दोन्हीकडे तीन वर्षं. फायनान्सच्या एजंटनं दुपारी चारला सह्यांना बोलावलं होतं आणि माझ्याकडून त्यांना फक्त हप्त्याचा आकडा तपासून हवा होता.

"धा टक्के तेरापेक्षा कमीच की ओ ताई, त्यात काय बघायचं?" तात्या म्हणाले.

हप्ता होता १०,८३३ रुपये ३३ पैसे. आकडा बरोबर होता आणि तिथंच मला शंका आली. तीन लाखांवर वर्षाला १० टक्के म्हणजे ३० हजार, तीन वर्षांचे ९० हजार, ते मुद्दलात मिळवून ३६ नं भागले की हाच हप्ता येतो. म्हणजे व्याज फ्लॅट, कितीही फेडलं तरी मूळ रकमेवरच. बँकेचे १३ टक्के घटत्या शिलकीवरचे, म्हणजे फेडायचं उरलेल्या मुद्दलावरचेच होते. दोन्ही कागदांवर चिन्ह एकच, टक्क्याचं. पण टक्के कशाचे, हे दोन्हीकडे वेगळं.

माझ्या टेबलावर एचपी-१२सी हा कॅल्क्युलेटर असतो. १९८१ सालापासून बाजारात असलेलं हे आडवं, छोटं यंत्र मला फार प्रिय आहे. त्याला 'बरोबर'चं (=) बटण नाही. आधी दोन्ही आकडे द्यायचे, क्रिया नंतर. सवय नसलेला माणूस पहिल्यांदा गोंधळतो, पण या पद्धतीत टक्केवारी काढताना आधी पाया, म्हणजे ज्या आकड्याचे टक्के काढायचे तो, भरावाच लागतो. टक्क्यांची बटणंही तीन. एक साधं, दुसरं जुन्या आकड्यावरून नवा किती टक्के वर-खाली गेला ते सांगणारं, तिसरं एकूणातला हिस्सा काढणारं. तिन्ही ठिकाणी पाया पहिल्यांदा.

खुर्ची तात्यांच्या बाजूला ओढली आणि त्यांना दिसेल असं दाबत गेले. जुनं सगळं पुसलं. ३६, एन, म्हणजे हप्ते किती. ३,००,०००, पीव्ही, म्हणजे हातात येणारी रक्कम. १०,८३३.३३, चिन्ह उलटं करून पीएमटी, म्हणजे हप्ता. हप्ता खिशातून जाणार म्हणून तो उणे. मग आय, व्याजदराचं बटण. पडद्यावर 'रनिंग' अशी अक्षरं लुकलुकली आणि थांबली. १.४९. हा महिन्याचा दर. लगेच १२ नं गुणलं. १७.९२.

मुलगा पुढं वाकला. तात्या गप्प. मग म्हणाले, "मशीन चुकतंय." त्यांचा राग मला समजत होता. कागदावर ठळक छापलेला आकडा १० होता, आणि माणूस कागदावर विश्वास ठेवतो.

म्हणून मशीन जरा बाजूला ठेवलं आणि शेवटचा हप्ता कागदावर मांडला. पस्तीस हप्ते फिटले. छत्तिसाव्या महिन्यात देणं किती उरलं? मुद्दलाचे ८,३३३ रुपये. आणि त्या महिन्याचं व्याज? पहिल्या महिन्यात होतं तेवढंच, २,५००. तीन लाखांतले जवळजवळ सगळे परत गेले तरी व्याज तीन लाखांवरच. आता हिस्सा काढायचं बटण. ८,३३३, एंटर, २,५००. पडद्यावर ३०.

"ह्ये वर्षाचं?"

"नाही तात्या, एका महिन्याचं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बँकेच्या कर्जात शेवटच्या महिन्याचं व्याज किती, ते त्यांनी आता स्वतःहून विचारलं. १०८ रुपये.

बँकेचा हप्ता निघाला १०,१०८. महिन्याला ७२५ रुपये कमी. सगळ्या मुदतीचं व्याज बँकेत ६३,८९५, तिकडे ९० हजार. फरकाच्या बटणावर आलं ४०.८६, म्हणजे 'कमी' दराच्या कर्जात व्याजाचे रुपये चाळीस टक्क्यांनी जास्त. एवढ्यात मुलाच्या ध्यानात आलं की फायनान्सवाले फाइल चार्ज म्हणून ६,००० आधीच कापणार होते. हे त्यानं सांगितलं ते बरं झालं. हातात पडणार २,९४,०००, पण हप्ता पूर्ण तीन लाखांचा. पीव्ही बदलला, पुन्हा आय, पुन्हा गुणिले १२. १९.३८. बँकही ३,००० घेणार होती, तीही धरली. बँकेचा दर १३.७ च्या आसपास गेला.

मी एजंटला फोन लावला आणि 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाची मुख्य माहिती देणारं पत्रक, मागितलं. रिझर्व्ह बँकेनं १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं किरकोळ कर्जांना हे पत्रक सक्तीचं केलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते लागू आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, छापावा लागतो. पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, आणि विचार करायला त्याला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. आज चारलाच सह्या हव्यात, असा धोशा लावायचं कारण नाही. एजंट आधी म्हणाला, सहीच्या वेळी देऊ. मी म्हटलं, आधी द्या. तासाभरानं ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. दुसऱ्या पानावर एपीआर होता १९.३८ टक्के. आता तात्यांना मशीनवर शंका उरली नाही.

फ्लॅट दरानं कर्ज देणं म्हणजे लबाडीच, असं मी म्हणणार नाही. जामीनदार न मिळणाऱ्याला घाईच्या वेळी तेच कर्ज उपयोगी पडतं, आणि त्या सोयीची किंमत असतेच. पण ती किंमत १० म्हणून सांगायची आणि १९.३८ नं वसूल करायची, याची मला मनापासून चीड येते. आकडे येत नाहीत म्हणून कुणी फसत नाही. तात्या भाजीच्या पट्टीत पैशाचाही घोळ चालू देत नाहीत. टक्क्याचा पायाच त्यांच्यापासून झाकलेला होता.

एजंटचा नंतर फोन आला, फाइल चार्ज माफ करतो म्हणाला. मुलानंच उत्तर दिलं, "तरी सतरा ब्याण्णव होतंय."

जामीनदारांसाठी तात्यांना चार घरं फिरावं लागलं. शेवटी मेहुणे आणि शेजारचे एक शिक्षक तयार झाले. बँकेत सही करण्याआधी ते पुन्हा ऑफिसात आले, एकच प्रश्न घेऊन. हंगामात हात मोकळा झाला आणि ५० हजार आधीच भरले तर? पुढच्याच महिन्याच्या व्याजातून ५४१ रुपये ६७ पैसे कमी होतील, हे त्यांना काढून दाखवलं आणि मुदतीआधी भरल्यास दंड नाही, असं बँकेकडून लेखी घ्यायला सांगितलं. ते पत्र आणलं, मी वाचलं, आणि त्याच दुपारी त्यांनी कर्जावर सही केली.